आण्णांनी बसवलेलं सील

आमच्या आण्णांच्या घरी रोजचा पेपर दोनदा कामाला यायचा. सकाळी ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि संध्याकाळी जीपच्या मागच्या दोन्ही चाकांखाली त्याचं एकेक पान अंथरायचे. दुसऱ्या दिवशी उठल्यावर चहाच्याही आधी ती पानं उचलून बघायची. पानावर तेलाचा डाग असला की ते चुरगळून चुलीत टाकायचे आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत. फोनवर त्यांचा "हां" ऐकला की मला साताऱ्यात कळायचं, आज डाग आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि कडेगावच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडं आत असलेल्या आमच्या गावात परत आले. पेन्शनीत आलेला माणूस आधी घर बांधतो. आण्णांनी आधी जुनी जीप घेतली, आणि ती उभी करायला शेड बांधली. आई म्हणायची, "ह्या मानसाला बायकू नसती तर चाललं असतं, गाडी नसती तर मेलाच असता." पण जीप आली तशी ती आमची कमी आणि गावाची जास्त झाली. कुणाची बाळंतीण कराडला न्यायची, कुणाच्या पोरीला परीक्षेला सोडायचं, कुणाच्या म्हाताऱ्याचे डोळे तपासायचे. लोक दारात येऊन "फौजी हाईत का?" म्हणायचे, तेव्हा त्यांना माणूस आणि गाडी दोन्ही हवी असायची.

रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी आण्णा 'फस्ट परेड' करत. हा फौजेतला शब्द. इंजिनचं तेल, पाणी, चाकातली हवा, नटबोल्ट, सगळं एकदा बघायचं, आणि तेही गाडी थंड असताना. उन्हाळा असो, ताप असो, घरात पाहुणे असोत, परेड चुकली नाही. "गरम गाडीचं तेल बगनारा आन जेवताना वजन करनारा, दोगं बी येडं," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ते मला पाढ्यासारखं पाठ आहे.

मी साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं ते काम आहे. माझा नवरा म्हणतो, ही नोकरी मिळाली नसती तरी हिनं हे काम फुकट केलं असतं. तो बोलतो ते अगदीच खोटं नाही. वाकडं काही दिसलं की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्या वर्षी खंडेनवमीला मी गावी गेले तर जीप शेडमध्ये धुळीनं माखलेली, तशीच उभी. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, अवजारं, गाड्या पुजायच्या असतात. दरवर्षी आण्णा जीप धुवायचे आणि आई बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढून झेंडूचा हार घालायची. आता आई नाही तर धुवायची कशाला, असं त्यांनी ठरवलेलं. मला राग आला. दुःख झालं की मला आधी रागच येतो. मी साडी खोचली, जीप धुतली, कडेगावातून काळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि बंपरपासून पार खालपर्यंत लोखंडाचा एकेक भाग रंगवला. वर हात घालून, वाकून, आडवी पडून. जिथं कुणी बघत नाही तिथं रंग देणाराच खरा रंगारी, असं मी स्वतःलाच ऐकवत होते. संध्याकाळी आण्णा बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीचा रंग माझ्याकडे आला.

गळती सुरू झाली ती त्याच थंडीत, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या त्या दिवसांत.

गळती कसली, तेवढं सांगते. जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक आडवी लोखंडी नळी असते. तिच्या मधोमध एक फुगीर गोळा असतो, त्यात गिअर असतात आणि गिअर ऑइल असतं. नळीतून दोन्ही चाकांपर्यंत एकेक दांडा जातो, तो ॲक्सल. गोळ्यातलं तेल ॲक्सलवरून वाहत चाकापर्यंत जाऊ नये म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना रबरी ओठाची एकेक बांगडी बसवलेली असते, तिला ऑइल सील म्हणतात. सीलनं दगा दिला की तेल सरळ ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. आणि ब्रेकला तेल लागलं की तो ब्रेक राहत नाही, पाय ठेवायचा पाट होतो.

आण्णांनी पहिल्या वर्षी डावं सील बदललं. पुढच्या वर्षी दोन्ही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा दोन्ही. गॅरेजला गाडी देणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो, त्यामुळे सगळं घरी, स्वतःच्या हातांनी. दर वेळी आठ-पंधरा दिवस कागद कोरडा राहायचा आणि मग एका सकाळी डाग हजर. पहिल्यांदा त्यांनी सीलला शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा सील बनवणाऱ्याला. तिसऱ्यांदा त्यांनी कुणालाच काही म्हटलं नाही. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. त्यांचा उजवा हात थोडा थरथरायला लागला होता. कपात चहा ओतताना बशी वाजायची. "आता हात ऱ्हायला न्हाई माजा," ते म्हणाले. मी म्हटलं, "कायतरीच काय आण्णा." पण मनातून मलाही ते खरं वाटलं होतं, हे आता कबूल करते.

मग गेल्या जानेवारीत ते सुर्लीच्या घाटात घडलं. गावातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून आण्णा तिला आणि तिच्या सासूला घेऊन कराडला निघाले होते. घाट उतरताना एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. एका बाजूचं चाक धरलं गेलं, दुसऱ्या बाजूचं तेलानं ओलं चाक तसंच फिरत राहिलं आणि जीप फर्रकन एका अंगाला ओढली गेली. पुढचं चाक गटारीत गेलं म्हणून गाडी थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागून आलेल्या टेंपोवाल्यानं बाईला कराडला पोचवलं, दुपारी तिला मुलगा झाला, पेढेही आले. आण्णांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. जीपची किल्ली आईच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली, ती अडकवलीच.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "सांगलीच्या एका मानसाला गाडी द्यायचं ठरिवलंय. सुटं पार्ट काडून घेनाराय त्यो. आयतवारी येतोय."

"कुणाला विचारून?"

"माजीच हाय न्हवं?"

"आण्णा, गाडी गेल्यावर तुमी दिवसभर करणार काय?"

"काय करनार? बसनार. लोकांची लेकरंबाळं ह्या हातात द्यायची न्हाईत आता."

मला त्या "बसनार"ची भीती वाटली. आमच्या गावात देवळाच्या पारावर बसणारी अशी चार-पाच माणसं आहेत. ती एकदा बसली की पुन्हा उठलेली मी बघितलेली नाहीत. मी शुक्रवारची रजा टाकली, माझा व्हर्नियर पर्समध्ये घातला आणि सकाळची एसटी पकडली. व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायचं आमचं अवजार. बाकीच्या बायका पर्समध्ये काय ठेवतात ते मला माहीत नाही.

वाटेत उंब्रजला उतरले. तिथं हायवेच्या कडेला आण्णांच्या फौजेतल्या जोडीदाराचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. दोन सील घेतली, ब्रेकचे नवे लायनर घेतले आणि गिअर ऑइल मागितलं. काकांनी विचार न करता एकशेचाळीस नंबरचा डबा पुढं सरकवला.

"हे नको काका, नव्वद द्या," मी म्हटलं.

"पोरी, गाडी म्हातारी झालीया. एकशेचाळीस जाड आसतंय, लवकर भाईर येत न्हाई. आमचं गुडगं बी आता जाड तेलावरच चालल्यात बग."

नंबर जितका मोठा तितकं तेल दाट. हा इलाज सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे आणि सगळा जिल्हा तो करतो. पण जाड तेलानं गळती थांबत नाही, नुसती रेंगाळते. शिवाय थंडीच्या सकाळी ते गिअरमध्ये काकवीसारखं चिकटून बसतं आणि गाडी ओढत नाही. जीपच्या पुस्तकात नव्वद लिहिलंय, ते पुस्तक आण्णांच्या ट्रंकेत कापडात बांधलेलं आहे. काका ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, थांबा, ज्याची गाडी त्यालाच विचारू, आणि आण्णांना फोन लावला.

आण्णा आणि गिअर ऑइल हा काय विषय आहे ते तुम्हाला सांगायला हवं. माझ्या लग्नात, पंगतीत, जिलेबी पानात असताना ते व्याह्यांशी नव्वद आणि एकशेचाळीसवर वाद घालत होते. तेलाच्या वासावरून, दोन बोटांत धरून तार सुटते का बघून, ते कुठलं आहे आणि किती वापरलेलं आहे हे सांगायचे.

"आण्णा, काका एकशेचाळीस देतायत. काय घेऊ?"

"कुटलं बी आन," ते म्हणाले.

मी फोन ठेवला आणि त्या दुकानात, भिंतीवर फॅनबेल्ट लटकलेले असताना, मला रडू फुटलं. काका घाबरले. त्यांनी गुपचूप एकशेचाळीसचा डबा मागं नेला आणि नव्वदचा आणून ठेवला, जणू मी त्यासाठीच रडत होते.

घरी पोचले तर आण्णा दारातच. पिशवी बघून म्हणाले, "कशाला आनलंस ह्ये? परवा जायाचीच हाय."

"जायाचीच आसंल तर धड होऊन जाऊ द्या," मी म्हटलं. "गळकी गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची, हे तुमाला पटतंय?"

हे बोलणं त्यांना लागणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. शनिवारी सकाळी ते माझ्याआधी शेडमध्ये होते.

जीप मागून जॅकनं उचलून लोखंडी घोडीवर टेकवली, चाकं उतरवली, ड्रम काढले. आत सगळं तेलानं चिकचिकलेलं. जुन्या गिअर ऑइलला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो दोन दिवस नखांतून जात नाही. जुनं तेल खाली परातीत सोडलं. ॲक्सल ओढून बाहेर काढले आणि सील बसतं तिथं त्यांना चरा पडलाय का ते मी नखानं तपासलं. काहीच नव्हतं, काचेसारखे गुळगुळीत. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. दांडा चांगला, सील दर वेळी नवं, तरी गळतंय कसं? पण आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसं आमचं चाललं होतं.

"तू बसव," आण्णा नवं सील माझ्या हातात देत म्हणाले. "माज्याच्यानं व्हत न्हाई."

मी बसवायला घेतलं. सीलचा ओठ आत, तेलाच्या बाजूला हवा, एवढं मला माहीत होतं. ओठाला तेल लावलं, सील तोंडावर ठेवलं आणि हातोडी मारली. एक बाजू आत गेली, दुसरी वर आली. त्या बाजूला मारली, तर ही वर आली. आण्णा बघत होते. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. तिसऱ्या ठोक्याला त्यांना राहवलं नाही.

"आगं, भाकरी थापतीयास का सील बसवतीयास? सर तिकडं!"

त्यांनी ते काढलं, कडेनं बोट फिरवून खरचटलं नसल्याची खात्री केली, पुन्हा तोंडावर ठेवून त्यावर त्याच मापाचा नळीचा तुकडा धरला आणि हातोडीनं हळू, चारी बाजूंनी फिरवत फिरवत ठोके दिले. शेवटच्या ठोक्याला आवाज बदलला. सील तळाला टेकलं की असा भरीव आवाज येतो. हात थरथरत होता, पण हातोडी पडायच्या क्षणी तो थांबायचा. मी व्हर्नियर काढून चार जागी खोली मोजली. चारी जागी सारखीच. कारखान्यात मशीननं दाबलेलं सील मी एवढं सरळ बसलेलं बघितलेलं नाही.

"आण्णा, बघा, एका केसाचा फरक नाही."

"गेल्या खेपंला बी आसंच वाटलं हुतं," ते म्हणाले आणि दुसऱ्या बाजूला गेले.

दुपारपर्यंत नवे लायनर घालून सगळं जोडून झालं. गोळ्याच्या बाजूच्या भोकातून नव्वद नंबरचं तेल भरलं, भोकाच्या काठाला टेकेपर्यंत, आणि बोल्ट घट्ट केला. चालवायला आण्णा तयार नव्हते, म्हणून मी बसले. ते शेजारी. सुर्ली घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. वाटभर ते दरवाजा घट्ट धरून बसले.

शेडमध्ये गाडी लावल्या लावल्या मी खाली वाकले. डाव्या ड्रमच्या खालच्या कडेला ओलं होतं. नवीन सील, सरळ बसवलेलं, आणि तेलाचा एक बारीक ओघळ.

आण्णांनीही बघितला. "बगितलंस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

राग माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीचा माणूस दारात उभा राहणार होता. कागद अंथरून सकाळची वाट बघायला मला वेळ नव्हता. मी पाना घेतला. तेल जास्त झालंय का ते आत्ताच बघते म्हटलं.

"आगं गाडी गरम हाय! सकाळी बगायचं आसतंय!"

"सकाळी बघून बघून चार वर्षं झाली," मी म्हटलं आणि बोल्ट फिरवला.

बोल्ट निघतानाच 'फुस्स' झालं. चांगलं जोरात, कुकरची शिट्टी उचलल्यावर होतं तसं. गरम तेलाचे शिंतोडे माझ्या हातावर, गालावर, पदरावर आले. मी तशीच बसून राहिले. आवाज संपला आणि भोकातून तेल नुसतं गप्प पाझरायला लागलं.

"आण्णा, आत हवा कोंडलीय."

आण्णा भोकाशी वाकले. मग एकेक अक्षर तोडत म्हणाले, "ब्री...दर."

गाडी चालली की गोळ्यातलं तेल तापतं, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला नळीच्या वरच्या अंगाला एक बोटभर टोपी असते, तिच्यातून हवा सुटते. तो ब्रीदर. तो बंद झाला की हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात नरम वाट म्हणजे सीलचा रबरी ओठ. सील कितीही चांगलं असो, आतून असा रेटा आला की ते तेल सोडणारच. गाडी थंड झाली की हवाही बसते. आण्णा रोज सकाळी थंड गाडीची फस्ट परेड करत होते, म्हणून चार वर्षांत तो आवाज त्यांच्या कानावर एकदाही आला नव्हता.

आण्णांनी वरून हात घातला आणि चाचपायला लागले. "हितं टोपी आसती. गेली कुटं? हितं नुसता उंचवटा लागतोय."

मी खाली शिरले, मोबाईलचा उजेड धरला, केसातला आकडा काढला आणि त्या उंचवट्यावर खरवडायला लागले. रंगाची खपली निघाली. काळी. तिच्याखाली आणखी काळी. तिच्याखाली चंदेरी. आणि चंदेरीच्या खाली पुन्हा काळी.

चंदेरी बघितल्यावर माझा हात थांबला. दुसऱ्या वर्षी दुकानात काळा रंग संपला होता, म्हणून मी चंदेरी आणला होता. चार खंडेनवम्या, चार थर. कुणी बघत नाही तिथं पोचणारी, वर हात घालून, आडवी पडून रंग देणारी मीच. चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी देत होतो, आणि चोर दर दसऱ्याला साडी खोचून, कौतुक करून घेऊन जात होता.

खोटं कशाला सांगू, एक क्षण गप्प बसायचा विचार आला. माती साचली होती, गंज होता, काहीही म्हणता आलं असतं. आण्णांचा चष्मा कपाळावरच होता. पण चार वर्षं ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते, आणि ती सुर्लीच्या घाटातली बाई, तिचं पोर...

मी बाहेर आले. आकड्याच्या टोकावरची खपली त्यांना दाखवली.

"आण्णा, ब्रीदर रंगानं बुजलाय. आणि हा रंग मी दिलाय. दर वर्षी."

त्यांनी खपली तळहातावर घेतली. चष्मा लावला. उजेडाकडे धरून बघितली. मी शिव्यांची वाट बघत उभी होते, मला त्या हव्याच होत्या.

"मंजे..." ते म्हणाले, "सील नीट बसलं हुतं?"

"व्हय."

"गेल्या साली बसवल्यालं?"

"त्ये बी."

"त्याच्या आदीचं?"

"समदी, आण्णा. समदी नीट बसली हुती."

ते हौदाकडे गेले. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, नखांत काडी घालून धुतले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज नेहमीचा, परेडवरचा. "पैल्याच दिवशी शिकवत्यात आमाला, गळती दिसली की ब्रीदर बग मनून. आन म्या बसलो हातावर रुसून. जा, राकेल आन. आन म्होरल्या दसऱ्याला त्येला कुकू लाव, रंग नगं."

टोपी काढून राकेलमध्ये बुडवली, तारेनं साफ केली, तोंडानं फुंकर मारली तशी आरपार हवा गेली. ड्रम उघडून पुसून पुन्हा बसवला. मग त्यांनी सांगलीच्या माणसाला फोन लावला. "न्हाई, गाडी द्यायची न्हाई आता. आवं, आजार गावला तिचा. उद्या येऊ नगा... आलासा तर जेवायला या, पर पाना घिऊन येऊ नगा." पलीकडचा माणूस काय म्हणाला ते कळलं नाही, पण आण्णांनी हसून फोन ठेवला.

जेवणाआधी आम्ही कडेगावपर्यंत जाऊन आलो, मग चाकांखाली पानं अंथरली. सकाळी मी उठून शेडमध्ये गेले तर ते आधीच तिथं होते, ओट्यावर बसलेले. चाकाखालचं पान त्यांच्या हातात होतं आणि आण्णा ते वाचत होते. पानावर चाकाची धूळ होती, बाकी काही नाही.

"ह्ये आतलं पान ऱ्हायलंच हुतं वाचायचं," ते म्हणाले. मग उठले, आत गेले आणि आईच्या फोटोखालच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन आले. "चल, कऱ्हाडपत्तोर सोडतो तुला."

गावाबाहेर पडताना वाटेत ती सासू भेटली, घाटातल्या त्या सुनेची. तिनं हात केला. "फौजी, गाडी हाय का? मंगळवारी नातवाला डोस द्यायचाय कऱ्हाडला."

"सांगतो," आण्णा म्हणाले आणि गाडी पुढं काढली. त्यांचे हात स्टेअरिंगवर जरा जास्तच घट्ट होते. मी बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

घाट लागायच्या आधी एक सरळ पट्टा आहे. रस्ता मोकळा होता. आण्णांनी गाडी अगदी हळू केली, मागं बघितलं, ब्रेकवर पाय दिला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून वर धरले. ब्रेक सारखा लागत नसेल तर गाडी लगेच एका अंगाला जाते, ते बघायची ही जुनी ड्रायव्हरांची रीत. तरी मी ओरडले.

"आण्णा, हात! हात!"

जीप सरळ रेषेत थांबली. पांढरा पट्टा जिथं होता तिथंच, चाकापासून तेवढ्याच अंतरावर.

"हाईत की जाग्यावर," आण्णा म्हणाले आणि हात तसेच वर धरून हसत राहिले. उजवा थोडा थरथरत होता. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्या सासूला फोन लावला. "मंगळवारी आट वाजता तयार ऱ्हावा," ते म्हणाले. "आन पोराला टोपरं घाला, घाटात वारं लय आसतंय."